यमाला लाथ घालणारा देव

बस पोरा. त्या बाजेवर नको, तिची दोरी सैल झालीया, बसलास की बूड जमिनीला टेकतंय. ही लोखंडी खुर्ची घे. आन् मी दिलेली ती कानटोपी काढू नको. घाम येऊ दे, खाज सुटू दे, टोपी डोक्यावरच राहू दे. का ते मागनं सांगतो.

आज भोगी हाय. आक्का आत तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापतीया. ऐकू येतंय न्हवं? तो थापायचा आवाज चालू हाय तवर आपल्याला बोलता येतं. तू दारात आल्या आल्या मला जे विचारलंस, त्याला एका शब्दात उत्तर न्हाई. त्याला गोष्टच सांगावी लागती, आन् ती मी आजवर कुणाला पुरी सांगितलेली न्हाई. माझ्या बायकोलासुद्धा. मराठी समजतं म्हणालास, मग मी दमानं बोलतो. पण मधी तोंड घालायचं न्हाई. गाडी घाटात असली की ड्रायव्हरशी कुणी बोलतं का? तसं.

तर मी ड्रायव्हर. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, पुढची समदी अक्कल स्टेरिंगवर आली. विट्याच्या एका यात्रावाल्याची बस घेऊन दरसाल दक्षिणेला जायचो. आमच्या भागात त्या यात्रेला लई गर्दी. कारण हितला घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून चोख करायची ती गलाई. तंजावर म्हण, मदुराई म्हण, जिथं सोनाराची पेठ हाय तिथं आमच्या मुलखातला एक तरी माणूस भट्टीपुढं बसलेला असणारच. म्हातारा-म्हातारीला लेकाचं घर बी बघायचं असतं आन् देऊळ बी. दोन्ही एका तिकिटात.

त्या वर्षी मी हौसाक्काला घेतली. माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तीच आई.

तिचं सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. तिचा मालक, म्हंजी आमचे दाजी, हिंदुराव. त्ये बी गलाईतच, कुंभकोणमला. दिवाळीला घरी यायचे. लग्नाला तीन-चार दिवाळ्या झाल्या असतील, आन् एक दिवस त्यांच्या पेठेतला माणूस गठुडं घेऊन आला. म्हणाला, कावेरीला पूर आलता, हिंदुराव आंघोळीला उतरला तो वर आलाच न्हाई. गठुड्यात सदरा, धोतर आन् चपला. घाटावर सापडल्या म्हणं. अंग काय मिळालं न्हाई.

सासरच्यांनी दर्भाचा माणूस केला, त्याला अग्नी दिला, दिवस घातले. आन् बायका बांगड्या फोडायला आक्काच्या अंगणात आल्या. आक्का दारात उभी राहिली. म्हणाली, “अंग दाखवा, मग पुसते. धोतराकडं बघून कुंकू पुसत न्हाईत.”

सासूनं बडवली. सासऱ्यानं हाकलली. माहेरी आमच्या घरी आली ती रुपयाएवढं कुंकू लावूनच आली. “त्यो जिता हाय,” एवढंच म्हणायची. कशावरून, ते सांगायची न्हाई.

गावानं तिला नाव ठेवलं, येडी सवाष्ण. संक्रांतीला बायका वाण घेऊन आमच्या घरी यायच्या, माझ्या बायकोला हळदीकुंकू लावायच्या, आन् आक्का शेजारी उभी असली तर खांबाला वळसा घालावा तशा पुढं जायच्या. आक्का म्हणायची, “अगं बाई, तव्यावर भाकरी हाय,” आन् आत जायची. तव्यावर काय सुदीक नसायचं.

अशी वर्सं गेली. पोरा, किती गेली ते मोजत न्हाई मी. तिचे केस पिकले.

तर त्या बशीत एक पाटणे गुरुजी हुते. रिटायर माणूस, गळ्यात दुर्बीण, आन् देवळाची लई माहिती. तंजावरला त्यांनी समद्यांना उन्हात उभं करून माना वर करायला लावल्या. म्हणाले, “हे बघा, इथं शिखर देवाच्या डोक्यावर आहे आणि दार त्यामानानं ठेंगणं. पुढं जी देवळं बघाल तिथं उलटं. दारावर डोंगराएवढं गोपुर, आणि देव आत लहानशा खोलीत.”

आक्का म्हणाली, “गुरुजी, मान मोडंल आमची. आन् दार एवढं उंच कशाला म्हणं?”

“राजांनी मागाहून बांधलं, हौसाबाई. आपलं नाव व्हावं म्हणून.”

“न्हाई,” आक्का म्हणाली. “हरवलेल्या माणसाला लांबनं दिसावं म्हणून आसंल.”

गुरुजींनी नुसती मान डोलावली. चांगला माणूस. त्यांना आक्काचं ठाऊक हुतं.

कुंभकोणमला समदी कावेरीवर आंघोळीला गेली. आक्का पायरीवर बसली, पण नदीकडं पाठ करून. म्हणलं, “पाय तरी धू.” तर म्हणाली, “हे पाणी माझ्याशी खोटं बोललंय.”

तिथनं पुढं समुद्राच्या अंगाला तिरुक्कडैयूर म्हणून गाव हाय. तू कशाला हसतोस? माझ्या तोंडून ते नाव असंच येतं. बस चालू असताना गुरुजींनी माइकवर त्या देवळाची कथा सांगितली. मार्कंडेय नावाचा पोरगा, त्याचं आयुष्य संपलेलं. यम फास घेऊन आला. पोरानं पिंडीला मिठी मारली. यमानं फास टाकला तो पिंडीवरच पडला. तसा महादेव पिंडीतनं बाहेर आला आन् त्यानं यमाच्या छातीत लाथ घातली. म्हणून तिथं लोक आयुष्य मागतात. बायका मालकाचं आयुष्य मागतात.

आक्का मागच्या सीटवरनं उठून धरत धरत केबिनीत आली. “निवऱ्या, तिथं कधी पोचतो रं आपण?”

कधी पोचतो, असं आख्ख्या यात्रेत तिनं पहिल्यांदाच विचारलं.

सकाळी पोचलो. मी एरवी देवळात जात न्हाई, बशीच्या सावलीला सतरंजी टाकून झोपतो. पण आक्का म्हणाली, “तू चल. तिथं पुजारी नाव विचारणार. मला कसं घेता येईल?”

आमच्याकडची बाई मालकाचं नाव तोंडानं घेत न्हाई. मी गेलो. दारावर गोपुर, त्यावर रंगीत देव, राक्षस, नंदी, बायका, एवढी दाटी की विट्याच्या बाजारादिवशीची यष्टी बरी. आत दगडी खांब, तेलानं काळे झालेले, पायाखाली फरशी गार. तिथं गाभाऱ्याजवळ जायचं तर पुरुषानं सदरा काढायचा असतो. मी काढला. पोट बघून आक्का म्हणाली, “देवाला नंदी दिसायचा न्हाई, तू बाजूला उभा राहा.”

पुजाऱ्यानं ताट पुढं केलं. “पेर?” म्हंजी नाव.

“हिंदुराव,” मी म्हणलं.

त्याच्या तोंडात ते बसंना. “इंदुराव?”

“हिंदुराव! हिंदुराव!” मी जवळजवळ वरडलोच. मग त्यानं नीट म्हणलं, मंत्र म्हणलं, फूल वाहिलं. आक्काचे डोळे मिटलेले, ओठ हलत हुते. बाहेर आल्यावर पदरानं तोंड पुसून म्हणाली, “आता यमाला त्यांचा पत्ता घावायचा न्हाई.”

आन् तशी ती मोकळी झाली. खरंच सांगतो, पोरगी झाली. म्हणाली, “चल, देऊळ बघू.”

बाहेर ओवरीत, मंडपात, जागा दिसंल तिथं लग्नं चाललेली. ढोल, सनई, होमाचा धूर. आन् नवरा-नवरी समदी म्हातारी! एक नवरी तर काठी टेकत आलेली. आक्का तोंडाला पदर लावून हसाय लागली. गुरुजी म्हणाले, “हौसाबाई, आपल्याकडं साठीशांत करतात ना, तसंच. इथं नवरा साठीचा झाला की पोरं आईबापाचं परत लग्न लावतात. पुन्हा मंगळसूत्र, पुन्हा हार. यमाला हाकलणारा देव हा, म्हणून इथं.”

“बघ की, निवऱ्या, त्या म्हातारीला हार पेलंना झालाय. आन् म्हातारा बघ कसा लाजतोय!”

ती खांबाला टेकून बसली, द्रोणातला भात खात, लग्नं बघत. मी शेजारी. तेवढ्यात एक उंच पोरगा आमच्याकडं आला. उघडा, कमरेला जरीकाठी धोतर, हातात पाण्यानं भरलेला पितळी तांब्या. आक्काचं नऊवारी लुगडं बघितलं, कपाळ बघितलं, आन् मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, “आत्या, याल का? आमच्या अप्पांच्या बाजूचं कुणीच न्हाई.”

मी म्हणलं, “अरं, मराठी! कुणाचा तू?”

म्हणाला, “अप्पा तुमच्याच बाजूचे. आईच्या बाजूची माणसं खूप आलीत, पाणी घालायला रांग लागलीया. अप्पांच्या बाजूनं घालायला भटजी सवाष्ण मागतात. अप्पांचं कुणी उरलं न्हाई. तुम्ही या.”

त्यांच्यात तशी रीत. होम झाला की त्या कलशातलं पाणी समद्या वडीलधाऱ्यांनी नवरा-नवरीच्या डोक्यावर घालायचं, आशीर्वाद म्हणून. मला वाटलं, असंल कुणी आपला गलाईवाला, आईबाप मेलेला. मला बरंच वाटलं.

आन् आक्का? आक्कानं माझ्याकडं बघितलं. ते तोंड मी मरेपर्यंत विसरायचो न्हाई. सवाष्ण म्हणून तिला कुणीतरी बोलावलं हुतं. मांडवात. सगळ्यांच्या पुढं. तिनं द्रोण खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले, पदर दोन्ही खांद्यांवरनं नीट घेतला. “येते की, बाळा,” म्हणाली. “का न्हाई येणार?”

पोरानं तांब्या तिच्या हातात दिला. रांगेत जागा करून दिली. नवरा-नवरी पाटावर बसलेली, आमच्याकडं पाठ. एकेक बाई यायची, पाणी घालायची, पुढं जायची. भटजीचं मंत्र म्हणणं चालू. आक्काची पाळी आली. भटजीनं नवऱ्याचं नाव घेतलं.

त्याच्या तोंडात बी ते नीट बसत नव्हतं.

पण मी काय बहिरा न्हाई. त्या मुलखात मुरुगन असतील, शेल्वम असतील, हजार असतील. हिंदुराव कुठनं येणार? मला वाटलं, आतल्याच पुजाऱ्याचा आवाज माझ्या कानात घुमतोय. मग मी त्या पाठीकडं बघितलं.

सदरा नव्हता न्हवं अंगात. देवाच्या दारात कुणाच्याच अंगात नसतो. उजव्या खवाट्यावर डाग, चिंचेच्या आकड्यासारखा वाकडा. दाजी धंद्यात नवीन असताना तेजाबाचा बुधला खांद्यावर फुटलता, त्याचा. दिवाळीच्या पहाटं आक्का त्या पाठीला तेल लावायची आन् मी पोरगा, शेजारी दात घासत, दर वेळी विचारायचो, दाजी, दुखतं का?

ढोल वाजतोय हे दिसत हुतं, ऐकू येत नव्हतं. बस उतारावर असताना ब्रेक दाबावा आन् पाय थेट तळाला जावा, तसं झालं.

आक्का बघत हुती. मोठ्या डोळ्यांनी त्या डागाकडं बघत हुती. तांब्या कलला, थोडं पाणी तिच्याच पायावर सांडलं. मागच्या बाईनं तिला हळूच ढोसलं. मी पुढं झालो. मला त्याची मानगूट धरायची हुती, त्याला त्या होमात कोंबायचा हुता. आक्कानं माझ्याकडं न बघताच डावा हात आडवा केला. थांब.

मग तिनं पाणी घातलं. दुसऱ्या बायकांनी शिंपडल्यासारखं घातलं हुतं. हिनं दिवाळीच्या आंघोळीला घालतात तसं घातलं. दमानं. डोक्यावरनं, मानेवरनं, त्या डागावरनं. तांब्या रिता होईस्तोवर.

एवढं पाणी कोण घालतंय म्हणून त्यानं हात जोडून मागं वळून बघितलं.

पोरा, मी अपघात बघितलेत. ट्रकाखालनं माणूस ओढून काढलाय. पण जित्या माणसाचं तोंड असं मरताना मी कधी बघितलं न्हाई. त्याचे जोडलेले हात सुटंनात. शेजारची बाई, साधी, गोल तोंडाची, तिला काय ठाऊक बिचारीला? ती हसली आन् आक्काच्या पायाकडं वाकली. आक्का झटक्यानं मागं सरली. “नको बाई. नको, नको.”

मग ती त्याच्याकडं बघून बोलली. मोठ्यानं, रांगेतल्या समद्यांना ऐकू जावं असं.

“औक्षवंत व्हा.”

रिता तांब्या तिनं त्या पोराच्या हातात दिला, त्याच्या गालावरनं हात फिरवला, बोटं आपल्या कानशिलावर मोडली. आन् वळली.

“निवऱ्या, चल बशीत.”

बशीत कुणी नव्हतं. ती केबिनीत बॉनेटजवळ बसली. बाहेर घामानं माणूस भिजत हुता, आन् हिचे दात वाजत हुते. सगळी थंडी एकदम आली. मी माझी सतरंजी तिच्या अंगावर टाकली, धरून बसलो.

“आक्का, मी जातो. ओढून आणतो त्याला. चारचौघांत.”

“आणून काय करू? भाकरी घालू?”

“अगं, त्यानं कपडे काढून घाटावर ठेवले! मुद्दाम! जितेपणी तुला रंडकी केली...”

“केली कुठं?” तिनं एकदम मान वर केली. “मी झाले कुठं?”

मी तिच्या खांद्यावरनं घसरलेली सतरंजी परत वर ओढली.

“निवऱ्या, मी कधी म्हणलं का, त्यो चांगला हाय म्हणून? म्हणलं का?”

“न्हाई.”

“मी काय म्हणलं? त्यो जिता हाय म्हणलं. हाय का न्हाई जिता?”

“हाय.”

“मग झालं तर. गावात एवढंच सांग. हिंदुराव जिता हाय, मी डोळ्यांनी बघितला. बाकीचं एक अक्षर न्हाई. माझी शपथ.”

मग तिनं काचेतनं गोपुराकडं बघितलं. आन् एकदम हसली. म्हणाली, “देव किती लवकर पावला रं. आत आयुष्य मागितलं आन् बाहेर येईस्तोवर दाखवलं बी.”

गावात मी तेवढंच सांगितलं. गुरुजींनी काय ओळखलं असंल ते त्यांनी पोटात ठेवलं. लोकांनी खोदून विचारलं, कुठं बघितला, आला का न्हाई, साधू झालाय का? मी म्हणायचो, जिता हाय. बास. आन् पुढच्या संक्रांतीला पाटलांची थोरली सून वाण घेऊन आली ती सरळ आक्कापुढं उभी राहिली. आक्कानं कपाळ पुढं केलं. तव्यावर भाकरी हाय, असं त्या दिवशी म्हणाली न्हाई ती. तेव्हापासनं दर संक्रांतीला पहिलं कुंकू तिला.

तर तू विचारलंस, त्या दिवशी अप्पांवर पाणी घालणारी ती आत्या आमची कोण? ही अशी कोण. तांब्या तिच्या हातात देणारा पोरगा तूच न्हवं का, शरवणा? मी तुला दारातच ओळखलं. उंची तीच, आन् डोळे दाजींचे.

तुझा काय दोष न्हाई. तुझ्या आईचा बी न्हाई. मरताना बापानं गावाचं नाव सांगितलं, तिला जाऊन भेट म्हणाला, आन् तू एवढ्या लांब आलास. गाडी बदलत, पत्ता विचारत. त्याबद्दल मी तुझ्या पाया पडायला तयार हाय, वयानं मोठा असलो तरी.

पण तू दारात टोपी काढलीस आन् तुझं ते भादरलेलं डोकं दिसलं, तेव्हा माझा जीव उडाला. आक्का तुळशीपाशी हुती, तिचं तोंड तिकडं हुतं म्हणून. आमच्याकडं पोरगा डोकं कशासाठी भादरतो, ते तिला कुणी सांगायला लागत न्हाई. म्हणून माझी कानटोपी तुझ्या डोक्यात कोंबली.

उद्या संक्रांत हाय. सुगडं आणलीत, तीळगूळ केलाय. जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतः, आपल्या नावानं, गावातल्या बायका हळदीकुंकवाला बोलावल्यात. काल दिवसभर अंगण सारवत हुती. मी तिला सांगणार हाय. मीच सांगणार, तुझ्यावर टाकत न्हाई. तिनं अंग दाखवा म्हणलं हुतं, तू त्या अंगाचाच तुकडा हायस, तुझ्यापुढंच ती कुंकू पुसंल. पण परवा.

ऐक. थापायचा आवाज थांबला.

ती ताट घेऊन येईल. तुझ्याकडं बघंल. तुला वळखंल, तिनं तुझ्या गालावरनं हात फिरवलाय. आन् ती एकच गोष्ट विचारंल, मला ठाऊक हाय.

टोपी कानावर वढून घे. आन् विचारलं तर लई बोलू नको, तुझी जीभ अडखळंल. एवढंच कर माझ्यासाठी, पोरा. नुसतं “हाय” म्हण.